गाणे थांबवणारे संग्रहालय

फुटबॉल क्लबांची संग्रहालये बहुधा एकाच साच्यातून काढलेली असतात. अंधाऱ्या दालनात काचेआड मांडलेले करंडक, त्यांवर सोडलेला पिवळसर प्रकाशझोत, थोर खेळाडूंचे पुरुषभर उंचीचे फोटो, जुन्या सामन्यांतील जल्लोषाचे ध्वनिमुद्रण, आणि बाहेर पडण्याची वाट हमखास दुकानातून. इतिहास म्हणजे विजयांची यादी, ही समजूत जितकी शालेय पाठ्यपुस्तकांत पक्की आहे तितकीच ती या दालनांतही पक्की आहे. म्हणूनच जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातील सांक्ट पाउली या वस्तीच्या क्लबाचे मैदान आणि तिथले संग्रहालय आम्ही पाहिले तेव्हा आम्हांला फुटबॉलपेक्षा आमच्या स्वतःच्या विषयाची, म्हणजे साहित्याची आणि साहित्याच्या इतिहासाची, आठवण अधिक झाली. त्याविषयी थोडे लिहावे असे वाटते. आमच्यापैकी कोणीही फुटबॉलचा जाणकार नाही, त्यामुळे खेळाच्या तंत्राविषयी येथे काही मिळणार नाही.

पहिली गोष्ट ही की या क्लबाकडे काचेआड ठेवण्यासारखे करंडकच फारसे नाहीत. १९१० साली स्थापन झालेला हा क्लब जर्मनीचा राष्ट्रीय विजेता कधीही झालेला नाही. त्याच शहरातला मोठा प्रतिस्पर्धी क्लब, हॅम्बुर्गर एस. व्ही., याने १९८३ साली युरोपियन चषक जिंकला. सांक्ट पाउलीच्या लोककथेतील सर्वांत मोठा पराक्रम मात्र एका साध्या साखळी सामन्याचा आहे. ६ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांनी स्वतःच्या मैदानावर बायर्न म्युनिकला २–१ असे हरवले. बायर्न त्या वेळी आंतरखंडीय चषकाचा, म्हणजे एका अर्थी जगाचा, विजेता होता. लगेच बनियनांवर एक लांबलचक जर्मन समास छापला गेला, ज्याचा अर्थ ‘जगज्जेत्यांचे जेते’ असा होतो. आणि त्या हंगामाच्या अखेरीस हे जगज्जेत्यांचे जेते तक्त्याच्या तळाशी राहून खालच्या श्रेणीत ढकलले गेले. पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी खाली. हा विनोद ते स्वतःच सांगतात, आणि कुरकुर न करता सांगतात. ज्याच्याजवळ मिरवण्यासारखे काही नाही त्याचे संग्रहालय कशाने भरायचे, हा प्रश्न येथून सुरू होतो.

मैदान शहराच्या मधोमध आहे. भुयारी रेल्वेच्या फेल्डश्ट्रासे स्थानकातून वर आले की समोर एक अजस्र काँक्रीटचा चौकोनी डोंगर दिसतो. हा १९४२ साली सक्तीच्या मजुरांकडून बांधून घेतलेला विमानविरोधी तोफांचा बुरूज. १९४३ च्या जुलैमध्ये हॅम्बुर्ग बाँबवर्षावात जळत होते तेव्हा याच भिंतींच्या आत हजारो माणसे जीव मुठीत धरून बसली होती. पाडायचा तर आजूबाजूची वस्ती हादरेल, म्हणून तो तसाच राहिला. आता त्याच्यावर मजले चढवून बाग केली आहे आणि २०२४ पासून तिथे हॉटेलही आहे. बुरुजाच्या सावलीत पटांगण, त्याचे नाव ‘पवित्र आत्म्याचे मैदान’, कारण मध्ययुगात ती त्या नावाच्या रुग्णालयाची जमीन होती. आणि त्याला लागून मिलर्नटोअर हे क्रीडांगण. ‘टोअर’ म्हणजे दरवाजा, वेस. शहराची जुनी वेस जिथे होती तिथे, म्हणजे अक्षरशः वेशीबाहेरची ही वस्ती आहे. आपल्याकडे ‘गावकुसाबाहेर’ म्हटले की जे मनात येते ते सगळे इथे लागू पडणार नाही, पण शहराला जे हवे असते आणि दारात नको असते, ते येथे ढकलले गेले हे खरेच. दोरखंड वळणाऱ्यांना लांब सरळ जागा लागे म्हणून ते इथे आले. रेपरबान या जगप्रसिद्ध (आणि कुप्रसिद्ध) रस्त्याच्या नावाचा अर्थच ‘दोर वळण्याची वाट’ असा आहे. मग खलाशी आले, दारूचे गुत्ते आले, वेश्यावस्ती आली, आणि १९६० साली लिव्हरपूलहून चार आण्यांच्या बिदागीवर रात्ररात्र वाजवणारी पाच पोरेही आली, ज्यांना पुढे जग बीटल्स म्हणून ओळखू लागले.

स्थानिक लोक या वस्तीला ‘कीत्स’ म्हणतात. याला मराठीत शब्द काय, यावर आमच्यात बराच काथ्याकूट झाला. ‘मोहल्ला’, ‘आळी’, ‘वाडी’ हे सगळे सुचवून झाल्यावर आम्ही ‘पेठ’ या शब्दावर थांबलो, आणि त्याचे कारण कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे ज्यांनी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घशाला कोरड पडेपर्यंत ओरडली आहेत, त्यांना वस्तीचा क्लब म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे संघ निवडावा लागत नाही. ज्या पेठेत जन्म झाला तिने तो आधीच निवडलेला असतो. सांक्ट पाउलीत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे, आणि आमच्या मते या क्लबाचे सगळे वेगळेपण त्या फरकात आहे. येथे वस्तीने क्लबला जन्म दिला हे खरे, पण पुढे ऐंशीच्या दशकात वस्तीतल्या नव्या माणसांनी एक जुना, मध्यमवर्गीय, बऱ्यापैकी पुराणमतवादी क्लब जणू दत्तक घेतला.

एल्बे नदीच्या काठावरील हाफेनश्ट्रासे या रस्त्यावरच्या रिकाम्या इमारतींचा १९८१ पासून तरुणांनी ताबा घेतला होता. पालिका ती घरे पाडू पाहत होती, पोलीस येत होते, अडथळे उभे राहत होते. याच घरांतले पंक, विद्यार्थी, बेकार, कलाकार असे लोक शनिवारी चालत चालत मैदानावर जाऊ लागले. त्यांच्यातल्या एकाने, ‘डॉक माबुझे’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्याने, शेजारच्या जत्रेतून चाच्यांचा कवटीचा झेंडा आणून काठीला लावला, अशी कथा सांगतात. हॅम्बुर्गला चाच्यांचे वावडे नाही. श्टोर्टेबेकर नावाच्या चाच्याचा सुमारे १४०० साली याच शहरात शिरच्छेद झाला आणि तेव्हापासून तो लोकनायक होऊन बसला आहे. कवटी ही अशी परंपरेतून आली की जत्रेतल्या टपरीवरून, हे ठरवणे कठीण. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना हा गोंधळ ओळखीचा वाटेल. १९८९ मध्ये जुने मैदान पाडून तिथे एक भव्य क्रीडा-घुमट उभारण्याची योजना आली तेव्हा रहिवासी आणि प्रेक्षक एकत्र आले, आणि योजना बारगळली. त्याच झटापटीत ‘मिलर्नटोअर रोअर’ हे पाठीराख्यांचे स्वतःचे नियतकालिक निघाले. त्यात सामन्यांच्या वर्णनाइतकीच घरभाडे, वंशवाद, पोलीस यांची चर्चा असे. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, मैदानाच्या नियमावलीत वंशवादी घोषणांवर बंदी आली. जर्मन फुटबॉलमधील तो अशा प्रकारचा पहिला नियम.

‘रोअर’विषयी वाचताना आम्हांला आपल्या अनियतकालिकांची आठवण न होणे शक्य नव्हते. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ या अंकांची ताकद त्यांच्या छपाईत नव्हती, परवानगी न मागण्यात होती. मासिकांचे संपादक छापत नाहीत, तर आम्ही आमचे काढतो. क्लबाचे अधिकृत मुखपत्र जे छापणार नाही ते छापणारा चार पानांचा अंक हीदेखील त्याच जातीची गोष्ट. आणि आता त्या अंकांचे जे व्हायचे तेच झाले आहे: ते दुर्मीळ झाले आहेत, संग्राहक त्यांच्या मागे आहेत. परवानगी न मागता छापलेल्या कागदाला काचेआड जागा मिळणे हा त्याचा सन्मान की शेवट, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

संग्रहालय ज्या जागेत आहे तिची कथा तर कोणाही कादंबरीकाराने हेवा करावा अशी आहे. २००६ पासून पुढची नऊ-दहा वर्षे क्लबाने मैदान एकेक बाजू पाडून नव्याने बांधले. मुख्य सज्जाच्या समोरची बाजू बांधायची वेळ आली तेव्हा तिच्या पोटात मोठी पोलीस चौकी करण्याचे ठरत होते. वस्तीत आधीपासून ‘डेव्हिड’ नावाची एक प्रसिद्ध चौकी आहे. लोकांनी या नव्या अवाढव्य चौकीला लगेच ‘गोलायथ’ असे नाव ठेवले आणि आंदोलन सुरू केले. हे केवळ पोलिसांविषयीचे वैर नव्हते. ज्या सज्जावर उभे राहून आपण गातो त्याच्याच पायाखाली आपल्यावर नजर ठेवणारे बसणार, ही कल्पना त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. पण नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, जागेला दुसरा उपयोग सुचवावा लागतो. तो उपयोग म्हणजे संग्रहालय. २०१२ मध्ये पाठीराख्यांनी त्यासाठी स्वतंत्र संस्था नोंदवली, नाव ठेवले ‘१९१०’, आणि चौकीची जागा स्मृतीला मिळाली. जगातील किती संग्रहालये पोलीस चौकीला पर्याय म्हणून उभी राहिली असतील? ते क्लबाच्या जनसंपर्क खात्याचे अपत्य नाही, एका भांडणाचे अपत्य आहे, आणि त्याचा स्वभाव पाहता ते पटते.

आत गेल्यावर जाणवते ते हे की येथे वस्तूंपेक्षा मजकूर जास्त आहे. आपल्याकडे लेखकांच्या स्मारकांत चष्मा, काठी, दौत, आरामखुर्ची असे ठेवलेले असते आणि आपण त्यापुढे उगाच गंभीर होऊन उभे राहतो. चष्म्यातून लेखक कसा पाहत होता हे चष्मा सांगत नाही. येथे तिकिटे, मफलर, पत्रके, घरी शिवलेले झेंडे आहेत, पण प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी बाजूने किंवा कोणाच्या तरी विरुद्ध बोलते आहे. माहिती देणारी माणसे बरीचशी स्वयंसेवक आहेत आणि ती इतिहास सांगताना ‘आपण’ हा शब्द वापरतात, पराभव सांगतानाही आणि लाज वाटावी अशी गोष्ट सांगतानाही. आम्हांला हा सर्वनामाचा उपयोग लक्षणीय वाटला. विजयात ‘आपण’ आणि अपराधात ‘ते’, अशी सर्वनामांची वाटणी करण्याची सवय सर्वत्र आहे.

लाज वाटावी अशी पहिली गोष्ट मैदानाच्या नावाची. १९७० ते १९९८ या काळात या मैदानाचे नाव होते विल्हेल्म कोख क्रीडांगण. कोख १९३१ पासून, युद्धानंतरची दोनेक वर्षे वगळता, १९६९ मध्ये मरेपर्यंत क्लबाचे अध्यक्ष होते. त्यांच्यामागे कृतज्ञतेने त्यांचे नाव मैदानाला दिले गेले. १९९७ मध्ये पत्रकार रेने मार्टेन्स यांच्या क्लबविषयक पुस्तकात हे पुढे आले की कोख नाझी पक्षाचे सदस्य होते. ज्या चामड्याच्या व्यापारी पेढीत ते नोकरीला होते तिचे ज्यू मालक १९३३ नंतर देश सोडून गेले आणि पेढी कोख व त्यांच्या भागीदाराच्या हाती आली, हेही चर्चेत आले. पुढे क्लबाच्याच पुढाकाराने ग्रेगोर बाकेस यांनी नाझी काळातील क्लबाचा सविस्तर इतिहास लिहिला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला कोख राक्षस नाही. तो वाऱ्याची दिशा पाहून शीड फिरवणारा, क्लब चालू ठेवण्यासाठी लागेल ती सही करणारा मनुष्य आहे. आणि त्याच क्लबात १९३३ साली रग्बीचा विभाग सुरू करणारे ओटो आणि पाउल लांग हे दोन भाऊ ज्यू होते, हेही सत्य त्याच इतिहासात आहे. एकाच कार्यालयात या दोन्ही सह्या.

१९९८ मध्ये सदस्यांच्या सर्वसाधारण सभेत वादावादी झाली, मतदान झाले, आणि मैदानाला त्याचे जुने, कोणाही माणसाचे नसलेले, वेशीचे नाव परत मिळाले. मागाहून २००७ मध्ये सदस्यांनी असेही ठरवले की हे नाव कोणत्याही कंपनीला विकायचे नाही. दक्षिणेकडील प्रवेशापाशी २००४ पासून नाझी राजवटीत बळी पडलेल्यांचे स्मारक आहे. सामन्याला येणारी माणसे त्याच्या बाजूने आत जातात.

आता गाण्याविषयी, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

‘सांक्ट पाउलीचे हृदय’ हे गाणे १९५७ च्या त्याच नावाच्या चित्रपटातले. हान्स आल्बर्स या हॅम्बुर्गच्या लाडक्या नटाने ते गायिले, संगीत मिखाएल यारी यांचे. बंदर, जिव्हाळा, आपले घर, असा त्याचा आशय. त्यात द्वेषाचा एक शब्दही नाही. एका पंक ढंगाच्या आवृत्तीतून ते मैदानावर आले आणि सामन्याआधी हजारो माणसे मफलर उंच धरून ते म्हणू लागली. आजी-आजोबांच्या काळातले गोडगोड गाणे नातवंडांनी खरखरीत आवाजात आपलेसे केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संग्रहालयाच्या संशोधकांनी गीतकाराविषयीचे आपले निष्कर्ष मांडले. गीतकार योसेफ ओलिग यांनी युद्धकाळात नाझी राजवटीच्या प्रचाराचे लेखन केले होते. क्लबाने ध्वनिक्षेपकावरून ते गाणे वाजवणे थांबवले. पाठीराख्यांत दोन तट पडले, आणि ते तट डावे-उजवे असे सोपे नव्हते. आयुष्यभर वंशवादाविरुद्ध रस्त्यावर उतरलेली माणसे म्हणत होती, आमचे गाणे आम्हांला परत द्या.

साहित्याचा शिक्षक या ठिकाणी घाईघाईने हात वर करतो. उत्तर आमच्या वहीत तयारच असते. कलाकृती वेगळी आणि कलावंत वेगळा. १९६७ मध्ये रोलाँ बार्त यांनी लेखकाचा मृत्यू जाहीर केला आहे. अर्थ वाचक घडवतो. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांच्या नावाने चालणारा वाद शिकवून आम्ही इतके थकलो आहोत की कोणत्याही अडचणीच्या लेखकापुढे आल्यावर आम्ही त्यातला पहिला पक्ष सोयीने घेतो आणि तास संपवतो. आणि या गाण्याच्या बाबतीत त्या पक्षाची बाजू खरोखरच भक्कम आहे. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ओलिग हे नावही ठाऊक नव्हते. गाणे ओवीसारखे निनावी झाले होते. जात्यावर बसलेली बाई ओवी कोणी रचली हे विचारत नाही आणि तिने विचारावे अशी आपली अपेक्षाही नसते. ज्यांना नाझींनी छळले असते अशाच माणसांनी एका नाझी प्रचारकाचे शब्द पळवून आपले केले, यात एक काव्यगत न्यायही दिसतो. चाच्यांच्या झेंड्याखाली लूट वैधच!

तरीही आमचे मत शेवटी गाणे थांबवण्याच्या बाजूने पडले. कारण वाचन आणि गायन या एकच क्रिया नाहीत, आणि सामन्याआधीचे समूहगायन ही तर गायनाहूनही वेगळी क्रिया आहे. ओलिग यांचे गीत वर्गात वाचा, संग्रहालयात लावा, त्याच्यावर प्रबंध लिहा. तिथे वाचक आणि शब्द यांच्यात अंतर असते आणि त्या अंतरातच विचार करता येतो. पण मैदानावर ते गाणे नांदी असते. नाटकाआधी पडद्यामागून येणारी नांदी आपण समीक्षेसाठी ऐकत नाही. ती सगळ्यांनी मिळून कोणाला तरी वंदन करून आपण एक आहोत असे जाहीर करणे असते. शाळाशाळांतून पसायदान म्हणणाऱ्या मुलांना ज्ञानेश्वरीतले काही कळत नसेल, पण ते कोणाचे मागणे आहे हे माहीत असणे हा त्या म्हणण्याचाच भाग आहे. नांदीचा कर्ता कोण हा प्रश्न एकदा विचारला गेला की तो पुन्हा न विचारल्यासारखा करता येत नाही. बार्त यांचा लेखक मेलेला असेल. ओलिग यांच्या बाबतीत तो आधी जिवंत असल्याचेच कोणाला माहीत नव्हते. त्या दोन अवस्था एक नव्हेत. आणि येथे भूगोल निर्णायक ठरतो. दक्षिण दारावरचे स्मारक ओलांडून आत यायचे, ज्यांनी बळी घेतले त्यांच्या बाजूने लेखणी चालवलेल्या माणसाचे शब्द एका सुरात म्हणायचे, आणि त्याच दाराने त्याच स्मारकाजवळून घरी जायचे. दुसऱ्या एखाद्या क्लबाने असे गाणे चालू ठेवले तर आम्ही कदाचित काही म्हणणार नाही. या क्लबाने आपल्याच दारात तो दगड उभा केला आहे.

एका गोष्टीचा मात्र आम्हांला खेद वाटतो. मैदानाचे नाव सभेने बदलले होते. गाणे कार्यालयाने थांबवले. १९९८ मध्ये कोख यांच्या बाजूने बोलणाऱ्यालाही उभे राहून बोलता आले, हरता आले. हरलेला माणूस निदान चर्चेत सामील असतो. ज्याला नुसते कळवले जाते तो रुसतो, आणि रुसलेल्यांना गोळा करणारे आज युरोपात पुष्कळ आहेत. दोष संग्रहालयाचा नाही. त्याने आपले काम केले. आपल्या घराला आवडेल तेवढेच संशोधन करायचे असे त्याने ठरवले असते, तर ते पुन्हा चार मफलरांचे दुकान झाले असते. आपल्या विद्यापीठांतील किती विभागांनी, किती साहित्यसंस्थांनी स्वतःच्या अध्यक्षांविषयी, स्वतःच्या शतकाविषयी असे काही शोधून काढून ते छापले आहे, हा प्रश्न त्या दालनात उभे असताना मनात आला. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि पुढच्या फलकाकडे वळलो.

आमच्यातले एक सहकारी अजून सहमत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे नोंदवले पाहिजे. त्यांच्या मते गाणे थांबवल्याने ओलिग यांना ते परत मिळाले. इतकी वर्षे ते गाणाऱ्यांचे होते, आता पुन्हा ते कर्त्याच्या नावावर चढले, जणू सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव परत लागले. या युक्तिवादाला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही.

बाकी क्लबाचे सगळेच आम्हांला मानवले असे नाही. कवटी आता कपांवर, मोज्यांवर, बाळांच्या दुपट्यांवर आहे. अडचणीच्या काळात क्लबाने आपल्या मालाच्या विक्रीचे हक्क बाहेर दिले होते आणि ते परत मिळवण्यासाठी पुढे बरीच खटपट करावी लागली. म्हणजे बंडखोरीचे चिन्ह बाजारात गहाण पडले आणि सोडवून आणले गेले. वस्तीही पूर्वीची राहिलेली नाही. रेपरबानवरच्या ‘एस्सो’च्या चाळी डिसेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत रिकाम्या कराव्या लागल्या आणि नंतर पाडल्या गेल्या. भाडी वाढली आहेत. ज्या उनाडांनी हा क्लब दत्तक घेतला त्यांच्या मुलांना इथे घर परवडेल का, हे सांगता येत नाही, पण त्यांच्या उनाडपणाचे सशुल्क दर्शन मात्र आमच्यासारख्यांना परवडते. २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्लबाने लिहून ठेवले आहे की आपली ओळख आपल्या वस्तीमुळे आहे. वस्तीच बदलली तर त्या वाक्याचे काय होते, याचे उत्तर तत्त्वांत नाही.

पण ते पुरते निराश होऊ देत नाहीत. हाफेनश्ट्रासेची घरे नव्वदच्या दशकात शेवटी रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे गेली. २०२४ मध्ये क्लबाने तीच युक्ती मैदानासाठी वापरली. फुटबॉलसाठी सहकारी संस्था स्थापन केली, ७५० युरोंचा एक भाग ठेवला, आणि काही महिन्यांत वीस हजारांहून अधिक लोकांनी मिळून अडीच कोटी युरोंवर रक्कम उभी केली, मैदानाची बहुतांश मालकी संस्थेकडे यावी म्हणून. ‘सहकार’ हा शब्द ऐकताच महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे जे येते, ऊस, संचालक मंडळ, निवडणूक, गाड्यांचा ताफा, ते सगळे आमच्याही डोळ्यांपुढे आले, आणि आम्ही मार्गदर्शकाला विचारले की भाग जास्त घेणाऱ्याचे मत जास्त का. त्याने मान हलवली. भाग कितीही घ्या, माणशी मत एकच.

मैदानाच्या एका कोपऱ्यात, दोन सज्जांच्या मधल्या जागेत, ‘चाच्यांचे घरटे’ नावाची बालवाडी आहे. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती सुटत होती. एका मुलीच्या टोपीवर कवटी होती, आणि ती आजीला ओढत मैदानाच्या उलट दिशेला, जत्रेकडे नेत होती.